पाणी तीनदा, नाव एकच

प्रश्न : ठाण्यात तलावपाळीजवळच्या चर्चमध्ये आमच्या शेजाऱ्यांच्या नातीचा स्नानसंस्कार झाला, तेव्हा आम्ही उभयता गेलो होतो. तेथे ऐकलेले ‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा’ हे आपल्या ब्रह्मा-विष्णू-महेशासारखेच आहेत का? आणि या तिघांत मिळून एकच देव, या अर्थाचा ‘त्रैक्य’ हा शब्द बायबलमध्ये कोठे सापडतो?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो : कोठेही नाही. देवाविषयी बोलताना ‘त्रिआस’ हा ग्रीक शब्द अंत्युखियाचा बिशप थिओफिलस याने इ. स. 180 च्या सुमारास वापरला, आणि लॅटिन ‘त्रिनितास’ रूढ केला तो कार्थेजच्या तर्तुलियनने, तिसऱ्या शतकाच्या आरंभी. मात्र शब्द नव्हता म्हणून श्रद्धा नव्हती, असे नाही. आपण पाहिले असेल की धर्मगुरूंनी बाळाच्या डोक्यावर पाणी तीनदा ओतले, पण ‘नावाने’ हा शब्द एकदाच उच्चारला. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 28 व्या अध्यायातील ज्या आज्ञेवरून हा विधी आला, तिच्या मूळ ग्रीक पाठातही नावे तिघांची असून ‘नाव’ एकवचनी आहे. उपासना आधी आली. तिचा अर्थ लावण्याचे काम पुढच्या पिढ्यांना करावे लागले.

ते काम सोपे नव्हते, कारण देव एकच ही यहुदी धर्माची शिकवण सोडायची नव्हती आणि ख्रिस्ताची आराधनाही थांबवायची नव्हती. आलेक्सांद्रियाचा धर्मगुरू आरियस म्हणे, पुत्र (म्हणजे ख्रिस्त) हा श्रेष्ठ खरा, पण निर्माण केलेला. 325 मध्ये निकेआ येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने हे मत नाकारून पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे असे ठरवले. सम्राट कॉन्स्टंटाइनने हा सिद्धांत एका बैठकीत लादला, असे हल्ली ऐकू येते. ते मला पटत नाही, कारण वाद त्यानंतर अर्धशतकाहून अधिक चालला, आणि परिषदेचा कैवारी अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला, त्यातील पहिल्यांदा खुद्द कॉन्स्टंटाइनच्याच आज्ञेने. पवित्र आत्म्याविषयीचा भाग 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत पुरा झाला. (ख्रिस्त केवळ माणूस की देवही, हा प्रश्न ठाण्याला नवा नाही : 1321 मध्ये येथे मारल्या गेलेल्या फ्रान्सिस्कन साधूंचा काझीपुढील वाद, ओदोरिक या प्रवाशाच्या वृत्तांतानुसार, याच मुद्द्यावरून पेटला होता.)

आता त्रिमूर्ती. तेथे उत्पत्ती, स्थिती आणि लय अशी कामांची वाटणी आहे. त्रैक्यात ती नाही. सृष्टी घडवणे असो वा तारणे, प्रत्येक कार्य तिघांचे एकत्रित मानले जाते, आणि वेगळेपण उरते ते केवळ परस्परसंबंधांत : पिता जन्मदाता, पुत्र अनादिकाळापासून त्याच्यापासून जन्मलेला, आत्मा निघालेला. पाणी, बर्फ आणि वाफ हा मुलांना सांगितला जाणारा दृष्टान्तही फसवाच, कारण त्यात एकच देव तीन सोंगे घेतो असा अर्थ निघतो, आणि सबेलियसचे तेच मत चर्चने फार पूर्वी त्याज्य ठरवले होते. गंमत अशी, की मराठी धर्मशिक्षणातील ‘तीन व्यक्ती, एक देव’ या वाक्यातही ही अडचण लपलेली आहे. ‘व्यक्ती’ म्हणजे आज आपल्याला स्वतंत्र माणूस वाटतो आणि देव तीन होतात. मूळ संस्कृत अर्थ घ्यावा, प्रकट होणे, तर तिघे केवळ रूपे ठरतात. लॅटिन ‘पर्सोना’चीही तीच गत होती, कारण तो शब्द नटाच्या मुखवट्यासाठी वापरला जाई.