अडीच वर्षांची मुलगी वाचून दाखवताना दोन पानांत उठते आणि रोज तेच पुस्तक मागते. काय करावं?

उठते तर उठू द्या. या वयात चार-पाच मिनिटं टिकली तरी भरपूर. ती खोलीत फिरत असली तरी तुम्ही वाचत राहा, कान बहुधा तुमच्याकडेच असतो. धरून बसवू मात्र नका.

मला बोलायचंय ते 'तेच पुस्तक'वर. प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच, "पाठ झालंय तिला, आता नवीन आणा." हे साफ चूक आहे. 2011 साली ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी तीन वर्षांच्या मुलांना गोष्टींतून नवे शब्द ऐकवले. काहींना एकच गोष्ट तीनदा, बाकीच्यांना तीन वेगळ्या गोष्टी. शब्द मात्र सगळ्यांच्या कानावर सारख्याच वेळा पडले. शब्द जास्त शिकली ती तीच गोष्ट ऐकणारी मुलं. पहिल्यांदा ऐकताना मूल कोण आलं, कुठे गेलं यातच अडकलेलं असतं. गोष्ट ओळखीची झाली की शब्दांकडे लक्ष जातं.

तेव्हा पहिल्या दोन वेळा काही न विचारता सरळ वाचा. मग ओळीचा शेवटचा शब्द गिळा आणि मनात पाच आकडे मोजा. बिघडतं ते इथेच: मोठ्यांना धीर नसतो, एका सेकंदात स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. ती "भूभू" म्हणाली तर "हो, काळा भूभू पळतोय" असं दोन शब्द वाढवून परत द्या. चूक काढू नका. नंतर "का पळतोय?" विचारा. पानाला एक प्रश्न पुरे, काही पानांना तोही नको. प्रत्येक चित्रावर "हा रंग कोणता, हे काय" ही तोंडी परीक्षा झाली. मूल उठून जातं त्याचं हेही एक कारण असतं. मजकूर लांबला तर ओळी गाळा, पण दर वेळी त्याच गाळा, नाहीतर पकडले जाल.

अक्षरओळखीसाठी प्रत्येक शब्दावर बोट फिरवायची घाई कशाला? या वयात नजर चित्रावर असते, अक्षरांकडे ढुंकूनही बघत नाहीत. ठेवायचंच तर पुस्तकाच्या नावावर एकदा ठेवा, तेही जरा खाली. अक्षराला चिकटवलं की उकार झाकतो, वर धरलं की मात्रा आणि अनुस्वार.

हे सगळं ऐकू नीट येतं असं धरून. हाकेला वळत नसेल किंवा अजून दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर आधी डॉक्टरांकडून कान तपासून घ्या.

आणि त्या पुस्तकाचा वीट तुम्हालाच आला असेल तर तसं सांगा, 'तिच्या भल्यासाठी नवीन' म्हणू नका. रोज दोन घ्या: आधी तिचं, मग तुमच्या आवडीचं.