कॅसिनो येणार म्हणतात, पण पैसा कुणाचा आणि थांबणार कुठे?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : आमचे शहर जेमतेम चाळीस हजार वस्तीचे. इथे कॅसिनोसाठी सार्वमत घ्यायचे घाटते आहे. कंपनीने नेमलेल्या सल्लागाराचा अहवाल म्हणतो, वर्षाला 20 कोटी डॉलरचा ‘आर्थिक परिणाम’ होईल. हा आकडा कसा तपासायचा?
– एक वाचक, अमेरिकेचा पूर्व किनारा

आधी 20 कोटी कशाचे ते विचारा. लोकांनी यंत्रात आणि टेबलावर फिरवलेली एकूण रक्कम वेगळी आणि त्यातली बक्षिसे वजा जाता कॅसिनोकडे उरलेली रक्कम वेगळी. 100 डॉलर स्लॉट मशीनमध्ये गेले आणि 90 परत आले, तर कॅसिनोचे ठोक उत्पन्न 10 डॉलर. कर याच दहावर बसतो. तिसरा आकडा गुणकाने, म्हणजे तोच पैसा पुढे हातोहात फिरत राहतो असे धरून केलेल्या गुणाकाराने, फुगवलेला असतो आणि जाहिरातीत नेमका तोच छापतात.

समजा, 20 कोटी हे खरोखर ठोक उत्पन्न आहे. आता कागदावर आकडेमोड करू. यातले प्रमाण आम्ही धरलेले आहे, तुम्ही तुमच्या गावचे घाला. 20 कोटींपैकी 8 कोटी गावातल्याच लोकांचे आणि 12 कोटी बाहेरच्यांचे. गावकऱ्यांच्या 8 कोटींपैकी 4.8 कोटी असे, की कॅसिनो नसता तर ते गावच्याच हॉटेलांत, दुकानांत, सिनेमात खर्च झाले असते. हा पैसा नवा नाही, त्याने फक्त खिसा बदलला.

आता गावात उरते काय ते पाहा. पगार 6 कोटी, पण निम्मे कर्मचारी शेजारच्या गावांतून येणारे, म्हणून 3 कोटी. स्थानिक खरेदी 1 कोटी. पालिकेचा वाटा व्हर्जिनियाच्या कायद्याप्रमाणे धरू : तिथे पहिल्या 20 कोटी डॉलरवर 18 टक्के कर आहे आणि त्यातला यजमान शहराचा हिस्सा उत्पन्नाच्या 6 टक्के, म्हणजे 1.2 कोटी. बेरीज 5.2 कोटी. नफा मुख्यालयाकडे, यंत्रांचे भाडे उत्पादकाकडे आणि व्याज बँकेकडे जाते. यातून वजा करायचे ते दुकानांचे नुकसान, मात्र पूर्ण 4.8 कोटी नव्हे. दुकानदारही माल बाहेरूनच आणतो, त्याच्या विक्रीतले 40 टक्के गावात राहत होते असे धरले तर वजाबाकी सुमारे 1.9 कोटींची. निव्वळ राहिले 3.3 कोटी. गावकऱ्यांचा वाटा 8 ऐवजी 14 कोटी केला, तर उरलेले सगळे तसेच ठेवूनही, हाच हिशेब 2 कोटींच्या खाली येतो. म्हणून गिऱ्हाईक कुठून येणार, हा आकडा आधी मागा.

तो पडताळायचा कसा? अहवालात गाडीने 30, 60 आणि 120 मिनिटांच्या अंतराची वर्तुळे असतात. प्रत्येक वर्तुळात आज कुठले कॅसिनो आहेत आणि पुढे कुठले येऊ शकतात ते मांडा. व्हर्जिनियातले डॅनव्हिल हे सुमारे 42 हजार वस्तीचे शहर. 2020 च्या सार्वमतात कॅसिनोला होकार मिळाला, मे 2023 मध्ये तात्पुरता आणि डिसेंबर 2024 मध्ये कायमचा कॅसिनो सुरू झाला. त्याचा भरवसा सीमेपलीकडच्या नॉर्थ कॅरोलायनावर आहे, कारण तिथे आदिवासी जमातींचे सोडून कॅसिनो नाहीत. 2023 मध्ये तिथल्या विधिमंडळात कॅसिनोंना परवानगी देण्याचा प्रस्ताव चर्चेत आला आणि त्यात डॅनव्हिलजवळच्या रॉकिंगहॅम काउंटीचे नाव होते. तो बारगळला, पण शेजारच्या राज्यातली एक मतमोजणी तुमचे सगळे कोष्टक उलटवू शकते, एवढे त्यातून दिसले.

गुणकाबद्दल एकच विचारा : तो राज्याचा की शहराचा? असे परिणाम मोजायला वापरतात त्या इम्प्लानसारख्या संगणकीय प्रतिमानात भरलेला प्रत्येक डॉलर नवा आहे असेच धरले जाते. राज्याचा गुणक छोट्या गावाला लावला, की बाहेर गळून जाणारा पैसाही गावातच फिरतो असे कागदावर दिसते.

प्रश्न : अंदाज आणि प्रत्यक्ष यांत फरक किती पडतो? नोकऱ्यांचा आकडा तरी खरा असतो का?

मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डचा कॅसिनो ऑगस्ट 2018 मध्ये उघडला. पहिल्या वर्षी 40 कोटी डॉलरहून अधिक उत्पन्नाचा अंदाज होता, हाती आले 30 कोटींच्याही आत. नोकऱ्या 3000 कबूल केल्या होत्या, करोनाच्या आधीच संख्या त्याखाली होती. तेव्हा पालिकेचे अंदाजपत्रक कंपनीच्या आकड्यावर नव्हे, त्याच्या साठ टक्क्यांवर बसते का ते पाहा.

नोकऱ्यांत तीन गफलती नेहमीच्या. बांधकामातली ‘नोकरी’ म्हणजे एका माणसाचे एक वर्षाचे काम. दोन वर्षे राबलेला एकच गवंडी तिथे दोन नोकऱ्या म्हणून मोजला जातो. दुसरी, अर्धवेळ माणसेही डोकी म्हणून मोजतात. पूर्णवेळात रूपांतर केलेला आकडा मागा. तिसरी, डीलरच्या, म्हणजे टेबलावर पत्ते वाटणाऱ्याच्या, पगारात टिप धरलेली असते. मूळ पगार वेगळा लिहून घ्या.

आणखी एक बारीक गोष्ट. खोली आणि जेवण खेळाडूंना फुकट देतात, हिशेबात मात्र ते पूर्ण दराने हॉटेलचे उत्पन्न म्हणून दाखवतात. ती सवलत वजा केली आहे का, हे ताळेबंदाच्या टिपांत सापडते.

प्रश्न : पालिकेला मालमत्ता कर भरपूर मिळेल, म्हणजे आमचा कर कमी होईल, असे सांगतात. पटण्यासारखे आहे का?

काही वर्षे पटेल. मग न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीचे काय झाले ते वाचा. न्यू जर्सीने 1976 मध्ये मतदानाने परवानगी दिली, 1978 मध्ये पहिला कॅसिनो उघडला. 2006 मध्ये शहरातल्या कॅसिनोंचे उत्पन्न 5.2 अब्ज डॉलरपर्यंत गेले आणि त्याच वर्षाअखेरीस शेजारच्या पेनसिल्व्हेनियात स्लॉट सुरू झाले. 2014 मध्ये बारापैकी चार कॅसिनो बंद पडले, सुमारे 8000 लोकांचे काम गेले. त्यातला रेव्हेल 2.4 अब्ज डॉलर खर्चून 2012 मध्ये उघडला होता, बंद पडल्यावर 8.2 कोटींना विकला गेला.

पालिकेला खरा फटका बसला तो करपात्र मूल्याचा. धंदा घटला, तशी कॅसिनोंनी मूल्यांकनाविरुद्ध अपिले केली आणि ती जिंकली. एकट्या बोर्गाटा कॅसिनोचे सुमारे 16.5 कोटी डॉलर परत करण्याची वेळ आली, 2017 मध्ये ते 7.2 कोटींवर मिटले. 2016 च्या नोव्हेंबरात राज्याने शहराचा कारभार ताब्यात घेतला होता. एका धंद्यावर कराचा सगळा डोलारा उभा केला, की असे होते.

म्हणून यजमान शहराच्या करारात ही कलमे हवीतच : उत्पन्न कितीही असो, किमान वार्षिक रक्कम ठरलेली आणि ती महागाईप्रमाणे वाढणारी, मूल्यांकनावर ठरावीक वर्षे अपील नाही, आराखड्यातली खोल्यांची संख्या कमी केली तर दंड, बंद पडल्यास इमारत पाडण्यापुरती बँक हमी, आणि दर तिमाहीला कर्मचाऱ्यांच्या व ग्राहकांच्या पिनकोडनिहाय याद्या. सुरुवातीला मिळणारा एकरकमी पैसा पगारात घालू नका, जलवाहिनी नाहीतर पूल असल्या कामातच घाला.

प्रश्न : गोव्यात कॅसिनो आहेत, पण पणजीला त्यातून काय मिळते? आम्ही दोडामार्गचे. पेडणे तालुक्यात मोठे कॅसिनो आले, तर आम्हाला काय?
– एक वाचक, सिंधुदुर्ग

गोव्यात 1992 च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट आणि 1996 च्या दुरुस्तीने बोटींवर टेबलाचे खेळ आले. मांडवीतल्या बोटींचे परवाना शुल्क राज्याच्या तिजोरीत जाते. पणजीच्या रस्त्यांवर गर्दी, पार्किंग आणि कचरा येतो. 2011 च्या जनगणनेत चाळीस हजारांच्या आसपास असलेल्या शहराला हा भार हलका नाही.

फेब्रुवारी 2020 पासून गोमंतकीयांना खेळायला प्रवेश नाही. त्यामुळे तिथे प्रश्न वेगळा पडतो : हा पर्यटक कॅसिनो नसता तरी गोव्यात आला असता का? कळंगुटला उतरलेला माणूस रात्री बोटीवर गेला, तर त्याचे शॅकवरचे जेवण बुडाले. प्रवेशाच्या पॅकेजातच बुफे आणि दारू असते, शिवाय रोख न होणारे, एकदाच खेळायचे चिप्स (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या). पणजीतल्या खानावळीला त्यातून एक ताटही मिळत नाही.

कराकडेही पाहा. 1 ऑक्टोबर 2023 पासून चिप्सच्या पूर्ण दर्शनी किमतीवर 28 टक्के जीएसटी लागला, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. त्याआधी कॅसिनो तो आपल्याकडे उरलेल्या रकमेवर भरत. तेव्हा ऑक्टोबर 2023 आधीचा कुठलाही प्रकल्प अहवाल कुणी दाखवला, तर तो रद्दी समजा.

आता दोडामार्ग. राज्याचा जीएसटी गोव्याला मिळणार, महाराष्ट्राला दमडी नाही. तुमच्याकडे येईल तो पगार : स्वयंपाकघर, हाउसकीपिंग, ड्रायव्हर, सुरक्षा. त्यासाठी कंपनीकडून स्थानिक भरतीची लेखी टक्केवारी आणि रात्रपाळीच्या बसची सोय मागा. पहाटे पाचला सुटणाऱ्या माणसाला एसटी कुठली मिळणार? उलट बाजूला भाडी आणि जमिनीचे भाव चढतील. ग्रामपंचायतीने आत्ताच, कॅसिनो येण्याआधी, दर महिन्याचे खोलीभाडे आणि रोजंदारी टिपून ठेवावी. आधीची नोंद नसेल तर नंतर काहीच सिद्ध करता येत नाही.

प्रश्न : महाराष्ट्रात आमच्या शहरात कॅसिनो येऊ शकतो का?

नाही. 1976 चा महाराष्ट्राचा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये विधिमंडळाने तो रद्द केला. कुणी त्या नावाखाली जमिनीचे टोकन मागत असेल, तर देऊ नका.