इंग्लंडमधल्या लिंडिस्फार्न बेटावर जाणार आहोत, जवळच्या सेंट कथबर्ट बेटावर पडके दगड सोडून काही आहे का? वेळ काढावा का?

काढाच. "पडके दगड" वाचलं आणि राहवलं नाही, कारण माझे भावोजी तिथल्या किनाऱ्यावर उभे राहून हेच म्हणाले होते आणि मी तेव्हा गप्प बसलो.

मी न्यूकॅसलला असतो. बाबा हर्णैहून आले होते, ताई-भावोजीही होते. प्रायरी, म्हणजे तिथला जुना पडका मठ, बघून सेंट मेरी चर्चच्या मागे उतरलो तर समोरच ते बेट, ओहोटी असल्याने मधे नुसते खडक आणि शेवाळ. भावोजी म्हणाले छप्पर नाही, मूर्ती नाही, चार दगडांसाठी बूट कोण भिजवणार, कॅसल बघू. बाबांनी एकदा पाण्याकडे बघितलं, म्हणाले उधाणाचे दिवस आहेत, पाणी लांब गेलंय पण येताना भरभर येईल, चल लवकर. वाटेत त्यांना शर्टाच्या गुंडीएवढी दगडी चकती सापडली, मधोमध भोक. तिकडे त्यांना कथबर्टचे मणी म्हणतात, खरं तर समुद्रात राहणाऱ्या क्रिनॉइड नावाच्या जिवाचे जीवाश्म, तीस कोटी वर्षांहून जुने. बाबांनी ती तळहातावर धरून नीट बघितली आणि होती तिथेच ठेवली.

वर गवतात बुटक्या भिंतींचा लांबट चौकोन आणि एक क्रॉस, बास. पण मध्ययुगात तिथे चॅपल बांधलं ते कथबर्टच्या आठवणीसाठी. तो सातव्या शतकात इथल्या मठाचा प्रायर, म्हणजे मठाचा कारभार बघणारा साधू, होता आणि एकांतासाठी या बेटावर यायचा असं मानतात. मठ डोळ्यांसमोर, पण भरती आली की कुणी येऊ शकत नाही. त्याला तेवढंही पुरलं नाही, ६७६ मध्ये तो लांब इनर फार्न बेटावर गेला आणि ६८७ मध्ये तिथेच वारला. बाबा त्या चौकोनाच्या बाहेरच चपला काढून बसले, लांब वाळूवर सील विव्हळत होते, आम्ही कितीतरी वेळ बोललोच नाही.

भावोजींना तेव्हा सांगायला हवं होतं ते आता लिहितो. रायगडावर राजवाड्याची जोतीच उरलीत ना, मग तिथे आपण छप्पर शोधतो का?

हां, गुडघे दुखत असतील तर नका जाऊ, शेवाळावरून पाय सटकतो. आणि कॉजवेच्या, म्हणजे लिंडिस्फार्नला जाणाऱ्या, भरतीत बुडणाऱ्या रस्त्याच्या वेळा आदल्या दिवशीच बघून ठेवा, पण त्यावरून या बेटाचा अंदाज बांधू नका, खडकांच्या फटीत पाणी हलताना दिसलं की लगेच मागे फिरा.