बाथरूमची कडी

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. चार पानं दादाबद्दल आणि शेवटी तुझ्याबद्दल एक ओळ : 'मी ठीक आहे.' हे मला पटलेलं नाही. माझा धाकटा भाऊ गर्द ओढायचा तेव्हा मीही सगळ्यांना हेच सांगायचे. रात्री बाथरूमची कडी लागली की अंथरुणात पडल्या पडल्या आकडे मोजायचे. तीनशे झाले की दार वाजवायचं, 'मला ब्रश हवाय' म्हणून. रात्री दीड वाजता ब्रश! तो आतून खेकसायचा आणि मला हायसं वाटायचं. खेकसतोय म्हणजे श्वास चालू आहे.

तू त्याचे खिसे तपासतेस, जळकी फॉइल सापडली की आईला दिसायच्या आत फेकून देतेस. मीही फेकायचे. त्यानं भावाचं व्यसन सुटलं नाही, घरात कळायला तेवढा उशीर मात्र झाला. आता जे सापडेल ते तसंच ठेव आणि आईला हाक मार. दादा तुला चुगलखोर म्हणेल, चार दिवस बोलणार नाही. ते सोसावं लागेल, आणि त्रास होईल हेही आधीच सांगून ठेवते.

'माझ्यावर माया असती तर त्यानं सोडलं असतं' असं तू लिहिलंस. मायेचा इथे फारसा संबंध येत नाही गं. हे पदार्थ मेंदूतल्या डोपामिनच्या, म्हणजे एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा हवीशी वाटायला लावणाऱ्या रसायनाच्या, यंत्रणेवर ताबा मिळवतात. 'थांब' म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास कुठे पुरता तयार होतो. कोवळ्या वयात लागलेलं व्यसन म्हणूनच जास्त चिवट असतं. पुढे पुढे तर मजा संपते आणि टर्की, म्हणजे नशा न मिळाल्यावर होणारा त्रास, लागू नये म्हणून घ्यावं लागतं. अंग मोडून येतं, नाक-डोळे गळतात, जुलाब होतात, झोप उडते. अशा वेळी बहिणीला दिलेली शपथ कुठली टिकायला? पण आजार आहे म्हणून त्यानं तुझ्या कपाटातले पैसे उचलले ते माफ, असंही नाही. त्या रागावर तुझा पूर्ण हक्क आहे. तो राग दादा शुद्धीत असताना बोलून दाखव. नशेत असताना वाद घालू नकोस, सकाळी त्याला काही आठवणार नाही.

आता एक गोष्ट पाठ कर. तो हाक मारून, हलवून उठत नसेल, श्वास फार संथ किंवा घरघरता असेल, ओठ-नखं निळसर झाली असतील, तर 'झोपलाय' म्हणून सोडू नकोस. रुग्णवाहिका बोलव, काय घेतलंय ते खरं सांग. श्वास चालू असेल तर कुशीवर वळव, एकटा टाकून जाऊ नकोस. गर्द-हेरॉइनसारख्या नशेवर नॅलोक्सोन नावाचं औषध काही मिनिटांत काम करतं, पण त्याचा परिणाम साधारण 30 ते 90 मिनिटांत ओसरतो, म्हणून ते दिलं तरी दवाखाना चुकत नाही. आणि सर्वांत सावध राहायचे दिवस म्हणजे व्यसनमुक्ती केंद्रातून परतल्यानंतरचे. शरीराची सवय मोडलेली असते आणि माणूस जुन्याच मापानं घेतो.

माझा भाऊ तिसऱ्या खेपेला टिकला. पहिल्या दोन स्लिप, म्हणजे सोडल्यावर पुन्हा नशेकडे वळणं, माझ्यामुळे झाल्या, असं मी कितीतरी वर्षं धरून बसले होते. एकदा मी त्याच्याशी भांडले होते, एकदा भांडले नव्हते. हा हिशेब आता हास्यास्पद वाटतो, तेव्हा वाटत नव्हता.

तुझ्यासाठीही कुणीतरी हवं. शाळेच्या समुपदेशक, मावशी, एखाद्या बाई. कुणीही एक मोठं माणूस, ज्याच्यासमोर दादाबद्दल खोटं बोलावं लागणार नाही. दारुड्यांच्या घरातल्या किशोरवयीन मुलांनी 1957 मध्ये अलाटीन नावाचे गट सुरू केले, ते याच गरजेतून. नशा करणाऱ्यांच्या घरच्यांसाठी तसेच नार-अनॉन नावाचे गट आहेत. आईबाबांना तिथे पाठवता आलं तर बघ, त्यांनाही कुणाशी बोलायचं ते कळत नसणार.

हो, 'मी ठीक आहे'च्या वर तू एक ओळ खोडली आहेस. मी कागद उजेडात धरून वाचली. निवड झाली होती आणि तू पोहायला जाणं सोडलंस? दादाला घरात एकटं कसं ठेवायचं, म्हणून? सोमवारी जा. त्या दोन तासांत घरात कोण थांबणार, ते आईबाबांना ठरवू दे. आणि पाण्यात उतरलीस की मला कळव.

तुझी,
ताई