दुखत नाही, मग खुब्याचा एक्स-रे कशाला?

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर ताबा न राहण्याचा विकार) आहे. त्याला आधाराशिवाय बसता येत नाही. हल्ली डायपर बदलताना डावी मांडी बाजूला होत नाही. थेरपीच्या ताई खुब्याचा एक्स-रे काढायला सांगतात. घरचे म्हणतात, जन्मतः सांधा चांगला होता, त्याला काही दुखत नाही, मग उगाच एक्स-रे कशाला? (एक आई, मिरज)

उत्तर : एक्स-रे काढाच, आणि याच आठवड्यात काढा. जन्मतः सांधा चांगला होता हे खरंच असणार. या मुलांचा खुबा बहुधा नंतर बिघडतो. मांड्या आत ओढणारे आणि खुबा वाकवणारे स्नायू दिवसरात्र ताठ असतात. मूल उभं राहत नाही, चालत नाही, त्यामुळे मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला वाढीबरोबर यायला हवा तो आकार येत नाही. हाडाची मान, म्हणजे त्या टोकाच्या गोल डोक्याखालचा अरुंद भाग, जास्त सरळ आणि पुढे पिळलेली राहते. मग हाडाचं गोल डोकं उखळीतून, म्हणजे कंबरेच्या हाडातल्या खोलगट जागेतून, हळूहळू बाहेर सरकतं, आणि डोकं आत नीट न बसल्यामुळे उखळीही उथळच राहते. हे सगळं महिनोन्महिने मुकाट चालू असतं. दुखायला लागेपर्यंत थांबलं, तर सोप्या उपायांची वेळ बहुतेकदा टळून गेलेली असते.

मूल जितकं कमी हिंडतं-फिरतं, तितका धोका जास्त. डॉक्टर हालचालीच्या पाच पातळ्या मानतात; पहिली सर्वांत सौम्य, पाचवी सर्वांत तीव्र. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या पाहणीत पहिल्या पातळीच्या एकाही मुलाचा खुबा सरकलेला नव्हता. पाचव्या पातळीत मात्र दहापैकी नऊ मुलांचा सरकला होता. तुमच्या वर्णनावरून तुमचा मुलगा चौथ्या किंवा पाचव्या पातळीत असावा.

एक्स-रे कसा काढला जातो, याकडे तुम्ही स्वतः लक्ष द्या. मुलाला उताणं झोपवायचं, कंबर कुठेही तिरपी नको, दोन्ही मांड्या समांतर आणि गुडघ्याच्या वाट्या छताकडे. कंबरेत कमान पडत असेल तर गुडघ्यांखाली उशी द्यायची. मूल रडून वळलं आणि तसाच फोटो निघाला, तर आकडा फसवा येतो.

तो आकडा असा काढतात : उखळीच्या बाहेरच्या कडेवरून उभी रेघ ओढायची आणि डोक्याचा किती भाग रेघेबाहेर आहे ते मोजायचं. डोकं ३० मिलिमीटर रुंद आणि १२ मिलिमीटर बाहेर, म्हणजे ४० टक्के. ३० च्या पुढे गेलं की बालअस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. ४० च्या पुढचा सांधा सहसा आपोआप मागे येत नाही. मोजणीतच पाचेक टक्क्यांचा फरक पडू शकतो, म्हणून एका आकड्यावर न जाता दर सहा महिन्यांनी एक्स-रे काढून ते शेजारी ठेवून बघतात. जुन्या फिल्म टाकू नका, नुसता रिपोर्ट पुरत नाही.

प्रश्न : मालिश, पट्टा, उभं राहायची फ्रेम यांनी सरकलेल्या खुब्याचं ऑपरेशन टळेल का? (एक आजोबा, नाशिक)

उत्तर : मालिशीने स्नायू सैल वाटतात, पण सरकलेला सांधा जागेवर येत नाही. ताठ पाय जोर लावून फाकवू नका. नीट बसवणं आणि रोज फ्रेममध्ये उभं करणं चालू ठेवा, त्यातून श्वास, पोट आणि हाडं यांना फायदा होतो. बोटुलिनमच्या (ताठ स्नायू सैल करणाऱ्या औषधाच्या) सुया आणि पट्टा यांनीही सरकणं थांबेल यावर विसंबता येत नाही. लहान वयात, थोडं सरकलेलं असताना आतले स्नायू सैल करण्याचं छोटं ऑपरेशन पुरू शकतं. पुढे हाड कापून मान आत वळवावी लागते, कधी उखळीचं छतही घडवावं लागतं. खर्चासाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या निरामय विमा योजनेची चौकशी करा. सेरेब्रल पाल्सी तिच्यात येते.

ऑपरेशननंतरही हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत एक्स-रे चालूच ठेवावे लागतात, कारण स्नायूंचा ताठरपणा तसाच असतो आणि वळवलेली मान वाढत्या वयात पुन्हा सरळ होऊ शकते.