मध्यरात्री कपाट कोण उघडतं?

कुंडीतले प्रश्न, काकूंची उत्तरं

प्रश्न : काकू, नमस्कार. मी शाहूपुरीत फ्लॅटमध्ये राहतो आणि शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत दुसऱ्या पाळीला असतो. बाल्कनीत ऊन येत नाही, म्हणून भिंतीतल्या कपाटाच्या फळ्या काढून आत एलईडी ट्यूब लावल्या आणि शेवंतीच्या चार कुंड्या ठेवल्या. गौरीला घरची फुलं हवीत, असं आईच्या मनात आहे. जूनच्या शेवटापासून टायमर लावून रोज १३ तास अंधार देतोय. कळ्या धरल्या, पण वाटाण्याएवढ्या होऊन तिथंच अडकल्या. कळीखाली बारीक, लांबट पानं फुटायला लागलीत. कपाटाच्या दारातून थोडा उजेड आत येतो. एवढ्याशा उजेडानं खरंच काही बिघडतं का? रात्री साडेबाराला घरी आलो की रोज बघतो, काही फरक दिसत नाही.

उत्तर : अरे बाळा, रोग तुझ्या शेवटच्या वाक्यात आहे. साडेबाराला अंधारात बघतोस कशानं? मोबाइलच्या टॉर्चनंच ना! दाराच्या फटीकडं नंतर येऊ, आधी तो टॉर्च बंद कर.

शेवंती दिवस मोजत नाही, रात्र मोजते. सलग, न तुटलेली लांब रात्र मिळाली तरच ती फुलते. १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी झँथियमवर प्रयोग केले. आपल्याकडं धोतराला चिकटणारी काटेरी बोंडं येतात ना, तेच ते रानटी झाड. लांब रात्रीच्या मध्यावर काही मिनिटं उजेड पाडला, तर त्याला फूल येईना. उलट दिवसा मध्येच थोडा अंधार केला, तर त्याला काही वाटेना. उपासाच्या दिवशी दुपारी एक घास खाल्ला की उपास मोडला, तसंच हे. तुझ्या १३ तासांच्या रात्रीचे रोज दोन तुकडे होतायत, आणि त्यातला एकही पुरेसा लांब नाही. कळी धरून पुढं न सरकणं आणि तिच्याखाली पट्टीसारखी पानं फुटणं ही रात्र तुटल्याची खूण आहे. खताचा दोष नाही, तेव्हा खत वाढवू नकोस.

पटत नसेल तर उसाकडं बघ. दिवस आखडायला लागले की आपल्या शिवारात उसाला तुरा येतो, तोही याच हिशोबानं. तुरा उशिरा यायला हवा असेल तर ऊस पैदास केंद्रांत रात्री मध्येच दिवे लावतात. जे ते मुद्दाम करतात, ते तू नकळत करतोयस.

आता तुझी पाळी. झाडं बघायचीच असतील तर सकाळी बघ. उजेड सकाळी ६ ते संध्याकाळी ५ ठेव, म्हणजे कामावर जायच्या आधी हवं तितका वेळ कपाटापाशी बस. काहीजण उलटं करतात, रात्री दिवे आणि दिवसा अंधार. तू त्या फंदात पडू नकोस. दिवसा खिडकीतून येणारा उजेड रस्त्यावरच्या दिव्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो, मग प्रत्येक फट शत्रू होते.

फटींचं सांगते. त्या बाहेरून शोधून सापडत नाहीत. दुपारी खोलीतले पडदे उघड, ट्यूब बंद कर, आत शिरून दार ओढून घे आणि पाच-दहा मिनिटं गप्प बस. डोळे अंधाराला सरावले की बिजागऱ्यांची बाजू, खालची फट, वायर जिथून आत येते ते भोक, सगळं चमकायला लागेल. तू मावत नसलास तर मोबाइलवर व्हिडिओ चालू करून आत ठेव आणि कुणाला तरी बाहेरून दाराच्या कडेनं टॉर्च फिरवायला सांग. दोन्ही पल्ल्यांच्या कडेला फोमची पट्टी चिकटव. वायरीच्या भोकात काळं फडकं कोंब. दाराच्या आत दोन पडदे लाव, आणि ते मार्केट यार्डाकडं कृषी सेवा केंद्रात मिळणाऱ्या चंदेरी-काळ्या मल्चिंग पेपरचे, म्हणजे शेतात वाफ्यावर अंथरतात त्या प्लॅस्टिकचे. एकपदरी उन्हासमोर धरलास तर त्यातून उजेड झिरपताना दिसतो, म्हणून दुपदरी घे. दोन्ही पडदे एकमेकांवर वीतभर चढले पाहिजेत. निळी ताडपत्री या कामाला बाद.

आणि तो एक्स्टेन्शन बोर्ड! त्यावरचा लाल दिवा काळ्या इन्सुलेशन टेपनं झाक. झाडातलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य लाल उजेडालाच सगळ्यात लवकर जागं होतं. दिवा इवलासा आहे, पण टेपला पाच मिनिटं लागतात, मग कशाला ठेवायचा? अंधारात हिरवा दिवा चालतो असंही तुला कुणी सांगेल. तो लालपेक्षा बरा, पण निर्धोक नाही.

मात्र सगळं इतकं बंद करशील की वारा फिरायचा नाही, आणि पावसाळ्यात कोल्हापूरची हवा आधीच ओली. भुरी नाहीतर करपा, हे बुरशीचे रोग आलेच म्हणून समज. वर एक आणि खाली एक भोक ठेव, प्रत्येकाला पीव्हीसी पाइपाचे दोन एल्बो उलटसुलट जोड आणि आतून काळा, न चकाकणारा रंग दे. हवा वळणं घेते, उजेड घेत नाही. वरच्या भोकाला कॉम्प्युटरचा जुना पंखा लाव आणि तो अंधारातही चालू ठेव. बंद कपाट तापलं तर अंधार कितीही चोख असला तरी शेवंतीचं फुलणं लांबतं.

टायमर चकतीचा असेल तर तो बदल. लाईट गेली की ती चकती थांबते आणि तुझी रात्र हळूहळू दिवसाकडं सरकते. बॅटरीचा डिजिटल टायमर घे.

किती उजेड चालतो, हे तू विचारलंस. चांदण्याला शेवंती भीक घालत नाही, पौर्णिमेचाही उजेड पाव लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास असतो. आत बसल्यावर पेपरातले मोठे मथळे वाचता आले, तर मात्र उजेड फार झाला. सुईएवढ्या भोकापायी जिवाला त्रास करून घेऊ नकोस, फक्त त्याच्या तोंडाशी शेंडा येऊ देऊ नकोस.

गौरीचं खरं सांगते, कठीण आहे. आज सगळं नीट केलंस तरी जातीप्रमाणं सात ते दहा आठवडे लागतात. अडकलेली मधली कळी खुडून टाक, बाजूच्या कळ्या पुढं येतील. कळीला रंग दिसेपर्यंत एकही रात्र चुकवायची नाही. रंग दिसला की अंधार थांबव आणि कुंड्या बाहेर काढ. आईला सांग, यंदा गौरीला बाजारातली आण, दसऱ्याला घरची.

प्रश्न : गेल्या नाताळात आणलेला पॉइन्सेटिया हिरवागार आहे, पानं लाल होत नाहीत. राजारामपुरीत घर आहे, कुंडी हॉलच्या खिडकीत असते.

उत्तर : हॉलमध्ये टीव्ही किती वाजेपर्यंत चालतो ताई? ऑक्टोबरपासून आठ-दहा आठवडे संध्याकाळी ५ ते सकाळी ८ कुंडी न वापरत्या खोलीत, नाहीतर उलट्या खोक्याखाली ठेवा. दिवसा मात्र भरपूर उजेडात हवी. फ्रीजशेजारी ठेवू नका, तो रात्री किती वेळा उघडतो ते घरातल्यांना विचारा.