तिकीट काढून आलेला माणूस

शार्लट, नॉर्थ कॅरोलिना

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तीन पानं इंजिनावर, अर्धं पान टायरवर आणि अगदी शेवटी, दबक्या आवाजात, एक ओळ: "काका, मला एक दिवस असा मोटाररेसचा ट्रॅक चालवायचाय." अगं, ती ओळ सगळ्यात वर यायला हवी होती. सुट्ट्या गो-कार्टच्या ट्रॅकवर घालवलेल्या कोल्हापूरच्या पोरीला शार्लटच्या ट्रॅकची स्वप्नं पडतात याचं मला नवल नाही. साडेतीन पानांत तिकीट हा शब्द एकदाही आला नाही, त्याचं मात्र वाटलं.

मी इथे आलो तो बँकेच्या कॉम्प्युटरवर काम करायला. शनिवार-रविवारची हौस म्हणून रेसच्या पार्किंगमध्ये शिट्टी घेऊन उभा राहिलो आणि पुढे तीच नोकरी झाली. तेव्हा हे सगळं खालून वर बघणाऱ्याचं सांगणं आहे, एवढं धरून वाच.

ट्रॅकच्या प्रेसिडेंटला इंजिनाबद्दल कोणी काही विचारत नाही. त्याला विचारतात: बायकांच्या स्वच्छतागृहापुढे एवढी रांग का? हॉटडॉग गार का? अशा मोठ्या ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर, पावसात रेस होत नाही, मग रेस उद्यावर गेली तर माझ्या हॉटेलच्या खोलीचं काय? नॅसकार या अमेरिकेतल्या मोटाररेस भरवणाऱ्या संस्थेच्या वरच्या मालिकेत २०११ पर्यंत कार्ब्युरेटर कसा टिकला यावर तू छान लिहिलंयस, पण स्टँडमध्ये बसलेल्या माणसाने सहा महिने पैसे साठवून चार तिकिटं काढलेली असतात. तो कार्ब्युरेटरसाठी येत नाही.

एकाच माणसाची कारकीर्द नीट बघायची असेल तर शार्लटच्या ट्रॅकचा प्रेसिडेंट राहिलेल्या हंपी व्हीलरची बघ. खरं नाव हॉवर्ड. वडील कॅमल सिगारेट ओढताना पकडले गेले, म्हणून त्यांना 'हंपी' म्हणायला लागले, उंटाच्या पाठीवरच्या उंचवट्यावरून, इंग्रजीत 'हंप'. ते नाव मुलाला वारशात मिळालं. शार्लटजवळचं बेलमाँट हे कापडगिरण्यांचं गाव, तिथला हा पोरगा. बॉक्सिंग केलेला, फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर कॉलेजात गेलेला. गॅस्टोनियाजवळच्या एका मातीच्या ट्रॅकवर त्याने रेसेस भरवल्या, नंतर फायरस्टोन टायर कंपनीच्या रेसिंग विभागात काम केलं. १९७५ मध्ये हा ट्रॅक बांधणाऱ्या ब्रूटन स्मिथने त्याला शार्लट मोटर स्पीडवेवर आणलं आणि २००८ पर्यंत तो तिथेच राहिला. ट्रॅक १९६० साली सुरू झालेला, बांधतानाच कर्जात रुतलेला, स्मिथच्या हातून एकदा निसटून पुन्हा त्याच्याकडे आलेला. असं दुखणं अंगावर घेऊन तिथे तेहतीस वर्षं काढणं सोपं नाही.

त्याचे तमाशे प्रसिद्ध आहेत. ग्रेनाडावर अमेरिकी फौजा उतरल्या, तर पुढच्या वर्षी रेसआधी ट्रॅकच्या मधल्या मैदानात त्याच चढाईचा प्रयोग लावला, हेलिकॉप्टरांसकट. स्कूलबसच्या रेसेस लावल्या. पहिल्या वळणावर, स्टँडच्या वर, राहायचे फ्लॅट बांधले, तेव्हा लोक हसले. ते फ्लॅट विकले गेले. आपल्याकडे बैलगाड्याच्या घाटावर माइक घेतलेला निवेदक असतो ना, बैलांपेक्षा ज्याच्या बोलण्याला जास्त गर्दी जमते? त्या जातीचा माणूस. पण एवढंच बघितलंस तर फसशील.

जॅनेट गथ्रीचं प्रकरण घे. भौतिकशास्त्र शिकलेली, विमान उद्योगात इंजिनिअर असलेली ही बाई १९७६ च्या मे महिन्यात इंडियानापोलिस ५०० या रेससाठी गेली आणि तिला पुरेशी वेगवान गाडीच मिळाली नाही. व्हीलरने तिला शार्लटच्या वर्ल्ड ६०० या सहाशे मैलांच्या रेसला बोलावलं. एका स्थानिक बँकेतल्या बाईने गाडी विकत घेतली, ती गथ्रीला चालवायला मिळाली. तिकिटं खपावीत हा हेतू होताच, त्याने तो कधी लपवला नाही. पण गाडी दिली ती खरी, पळणारी. दिखाऊ गाडी देऊन दोन फेऱ्यांत तिला बाहेर काढलं असतं तरी तिकिटं तेवढीच खपली असती. गथ्री शेवटपर्यंत टिकून पंधरावी आली आणि पुढच्या वर्षी इंडियानापोलिस आणि डेटोना या दोन्ही '५००' मध्ये उतरली. माणसाला बोलावलंस तर जे कबूल केलंस ते पुरतं द्यायचं, मग ती ड्रायव्हर असो की प्रेक्षक.

त्याने शार्लटला लावलेल्या दिव्यांचंही तसंच. १९९२ पर्यंत दीड मैलाच्या ट्रॅकवर रात्रीची रेस हा वेडेपणा समजत. अडचण उजेडाची नव्हती, डोळ्यांवर येणाऱ्या झगमगाटाची होती. ताशी पावणेदोनशे मैलांच्या आसपास पळणाऱ्याला क्षणभर दिसेनासं झालं तर संपलं. दिव्यांच्या कंपनीने उजेड आरशांवरून वळवून ट्रॅकवर पाडला. त्या पहिल्याच रात्री ड्रायव्हर डेव्ही अॅलिसनने शेवटची रेषा ओलांडली आणि त्याच क्षणी भिंतीवर आदळला. विजेता दवाखान्यात, लोक उभे, दिवे चालू. दुसऱ्या दिवशी कोणी त्याला वेडेपणा म्हणालं नाही.

आता दुसरी बाजू, जी स्पोर्ट्स मॅनेजमेंटच्या माहितीपत्रकात तुला सापडणार नाही.

१ मे १९९९. शार्लटलाच उघड्या चाकांच्या इंडी गाड्यांची रेस. अपघातात सुटलेलं चाक स्टँडमध्ये गेलं आणि तीन प्रेक्षक गेले. रेस तिथेच थांबवली. २० मे २०००. रेस संपवून लोक गाड्यांकडे निघालेले, आणि हमरस्त्यावरच्या पादचारी पुलाचा एक तुकडा खाली आला. शंभराहून अधिक जखमी. पुलाच्या आतल्या पोलादी तारा गंजल्या होत्या; बांधताना भरलेल्या सिमेंटच्या मसाल्यात क्षार होता, त्याने त्या खाल्ल्या. प्रेसिडेंटने पूल बांधला नव्हता, तारा त्याने बघितल्या नव्हत्या, कोणालाच दिसल्या नसत्या. तरी त्या रात्री दारात उभं कोणी राहायचं, हा प्रश्नच नसतो.

आणि एक चूक मात्र त्याच्या ट्रॅकची स्वतःची. २००५ साली खडबडीत पृष्ठभाग गुळगुळीत व्हावा म्हणून तो घासून घेतला. पकड वाढली, वेग वाढला, टायर तापले आणि फुटायला लागले. त्या वर्षीच्या कोका-कोला ६०० मध्ये (जुनी वर्ल्ड ६०० तीच) २२ वेळा पिवळा झेंडा, म्हणजे वेग आवरायची खूण, निघाला, तो विक्रम ठरला. पुढच्या वर्षी सगळा ट्रॅक नव्याने डांबरला. तुझी ती टायरवरची अर्ध्या पानाची माहिती इथे उपयोगी पडली असती, हे कबूल करतो. ट्रॅकच्या साहेबाला इंजिन नाही आलं तरी चालतं, डांबर आलंच पाहिजे.

माइक हेल्टनचं थोडक्यात सांगतो. ब्रिस्टलमधला रेडिओवाला, मग ट्रॅकचं जनसंपर्क, व्यवस्थापन, असं करत नोव्हेंबर २००० मध्ये नॅसकारचा प्रेसिडेंट झाला. नॅसकार स्थापणाऱ्या फ्रान्स आडनावाच्या घराण्याबाहेरचा पहिलाच. तीन महिन्यांत, १८ फेब्रुवारी २००१ ला, नावाजलेला ड्रायव्हर डेल अर्नहार्ट रेसमधल्या अपघातात गेल्याचं त्याला माइकसमोर उभं राहून सांगावं लागलं. त्याआधीच्या मे ते ऑक्टोबरमध्ये अॅडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर हे ड्रायव्हरही असेच गेले होते. अर्नहार्टच्या बातमीनंतर अपघातात मान सांभाळणारा पट्टा सक्तीचा व्हायला ऑक्टोबर उजाडला. मला तो उशीर अजून खटकतो. त्यानंतर धक्का शोषणाऱ्या भिंती आल्या आणि त्या वरच्या मालिकेत आजवर एकही ड्रायव्हर दगावलेला नाही. बातमी सांगणं एका संध्याकाळचं काम होतं. सवयीने हट्टी झालेल्या ड्रायव्हरांच्या गळ्यात तो पट्टा उतरवणं हे खरं काम.

पैशाचं एक समजून घे. २०२४ पर्यंतच्या करारात टीव्हीच्या पैशातला ६५ टक्के वाटा ट्रॅकना जायचा, २५ टीम्सना, १० नॅसकारला. म्हणजे खुर्ची रिकामी राहिली तरी ट्रॅक उपाशी मरत नव्हता. मग काय झालं? ठिकठिकाणी खुर्च्याच काढून टाकल्या, रिकाम्या दिसू नयेत म्हणून. हिशोबाला ते बरोबर असेल. मला विचारशील तर, रिकाम्या खुर्चीने साहेबाला टोचत राहायला हवं होतं.

सुरुवात कुठून करायची, असं विचारलंयस. तिकीटखिडकी. एखाद्या छोट्या गावच्या, शनिवारी रात्री भरणाऱ्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर. तिथला मालक स्वतः ट्रॅकवर पाणी मारतो, त्याची बायको पॉपकॉर्न विकते आणि विम्याचे कागद दोघांनाही पाठ असतात. दोन मोसम तिथे काढ. मोठ्या ऑफिसातली इंटर्नशिप मिळाली तर घे, पण तिथे तुला फक्त बैठकांच्या चिठ्ठ्या लिहायला लावतील.

आता माझं. ट्रॅकचं नाव लिहीत नाही. आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि खालचं गवताचं मैदान बंद ठेवायला हवं होतं. मला ते पहाटे पाचला कळलं होतं. बुटाची टाच बसत होती. पण वर आकडा दिलेला होता, इतक्या गाड्या इतक्या वाजेपर्यंत आत. मी मैदान उघडलं. रात्री अकराला तिथे गाड्या चाकांच्या मध्यापर्यंत रुतलेल्या, दोनच ट्रॅक्टर, पोरं मागच्या सीटवर झोपलेली. एक म्हातारा आपल्या जुन्या पिकअपच्या टपावर कूलर ठेवून शांत उभा होता, गळ्यात स्कॅनरचा हेडफोन तसाच. मी तोंडपाठ केलेली माफी मागितली. तो ओरडला नाही. म्हणाला, "तुझी गाडी कुठे लावलीयेस?"

माझी ऑफिसच्या मागे होती. डांबरावर.

मी त्याला खरं सांगितलं. त्याने मान डोलावली आणि बर्फातली एक कोकची बाटली काढून माझ्या हातात दिली. त्याची गाडी दीड वाजता निघाली. तेव्हापासून रेसच्या दिवशी मी माझी गाडी सगळ्यात लांबच्या मैदानात लावतो आणि लोकांबरोबर चालत येतो. बायको म्हणते, गुडघे गेले तुझे. गेलेत.

व्हीलर ऑगस्ट २०२५ मध्ये गेले. मला त्यांच्याशी कधी बोलायला मिळालं नाही.

मे महिन्यात ये. ६०० मैलांची रेस मेमोरियल डेच्या सुट्टीच्या आदल्या रविवारी असते, संध्याकाळी सुरू होते आणि रात्री उशिरापर्यंत चालते. विमानाचं तू बघ, राहायचं आमच्याकडे. तुझ्या काकूने दडप्याला पोहे आणायला सांगितलेत, पातळ. स्टँडमधलं तिकीट मी काढून ठेवतो, पण ते रात्रीचं. पहाटे पाचला आपण शेवटच्या मैदानात असू. जुने बूट आण, आणि कानात घालायचे बोळे विसरू नकोस.

तुझा,
काका